परिणामकारक उमेदवार थांबवताना: काळ्या आजारावरील नायट्रो-अनुजातांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

काळा आजार वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक रुग्णांचा जीव घेतो. त्याला कारणीभूत असलेला लिशमॅनिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी राहण्यासाठी फार अवघड जागा निवडतो. जंतूंना गिळून संपवणे हे ज्या महाभक्षी पेशींचे काम, त्यांच्याच आम्लधर्मी पुटिकांमध्ये तो वाढतो, आणि अशा पेशी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत मोठ्या संख्येने असतात. औषधाला म्हणूनच रक्तातून पेशीत, पेशीतून पुटिकेत आणि पुटिकेतून परजीवीच्या आत असे एकामागून एक पडदे ओलांडावे लागतात, आणि तिथल्या आम्लतेत शाबूतही राहावे लागते.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 च्या दशकात युरिया स्टिबामिन तयार केले, तेव्हापासून अँटिमनीची संयुगे अनेक दशके या आजारावरील मुख्य औषध होती. पुढे बिहारमध्ये परजीवी त्यांना दाद देईनासे झाले आणि उपचार ऍम्फोटेरिसिन बी कडे वळले. लिपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत, बांधलेल्या ऍम्फोटेरिसिनची एकच मात्रा भारतातील बहुतेक रुग्णांना पुरते, पण ती शिरेतून द्यावी लागते आणि थंड जागी साठवावी लागते. 2002 मध्ये भारतात मान्यता मिळालेले मिल्टेफोसिन हे या आजारावरचे पहिले तोंडी औषध. ते मुळात कर्करोगासाठी अभ्यासले गेले होते. त्याचा उपचार 28 दिवस चालतो, पोटाचा त्रास नेहमीचा असतो, आणि गर्भाला धोका असल्यामुळे स्त्रियांना उपचारानंतरही काही महिने गर्भनिरोधक वापरावे लागते. तोंडाने घेता येईल, थोड्या दिवसांत संपेल आणि साध्या तापमानाला टिकेल असे औषध ही जुनीच मागणी होती, आणि या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते.

प्रकरणात दोन मुख्य पक्ष आहेत. एक दुर्लक्षित आजारांच्या औषधांसाठी काम करणारी ना-नफा संस्था, तर दुसरा एका विद्यापीठातील औषधी रसायनशास्त्राचा गट. या गटाने आधी क्षयरोगासाठी नायट्रोइमिडाझोल वर्गातील पुष्कळ संयुगे तयार केली होती. संस्था, गट आणि संयुगांचे सांकेतिक क्रमांक येथे वगळले आहेत, कारण चर्चा व्यक्तींची नसून निर्णयांची आहे.

अडचण

नायट्रोइमिडाझोल हा वर्ग परजीवींच्या उपचारात नवा नाही. अमिबिक आव आणि जिआर्डियावर दिले जाणारे मेट्रोनिडाझोल 1960 च्या सुमारास वापरात आले. चागास आजारावरचे बेंझनिडाझोल त्याच घराण्यातले आहे. आफ्रिकेतील परजीवीजन्य निद्रारोगावरील फेक्सिनिडाझोलही याच वर्गातले असून 1980 च्या दशकात बाजूला पडलेले ते संयुग पुन्हा उचलले गेले आणि 2018 मध्ये युरोपीय नियामकांची अनुकूल शिफारस मिळवून गेले. या सर्वांत नायट्रो गट, म्हणजे रेणूतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा छोटा भाग, स्वतः निष्क्रिय असतो. परजीवीच्या पेशीतील विकर त्याचे क्षपण करते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देते, आणि त्यातून तयार होणारे क्रियाशील रेणू पेशीला आतून इजा करतात. औषध परजीवीच्या आत जागे होते, हाच या वर्गाचा मोठा फायदा.

त्याच कारणाने या वर्गाबद्दल संशयही आहे. क्षपणातून निर्माण होणारे रेणू डीएनएला इजा करू शकतात आणि जीवाणूंवर केल्या जाणाऱ्या एम्स चाचणीत यातली बरीच संयुगे उत्परिवर्तनकारी ठरतात. अनेक औषध कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी नायट्रो गट म्हणजे टाळायची गोष्ट हे गृहीतच धरले होते. माझ्या मते हे गृहीत अर्धवट होते. एम्स चाचणीतील जीवाणूंकडे स्वतःची नायट्रो-क्षपण करणारी विकरे असतात. तिथे मिळालेला प्रतिकूल निकाल मानवी पेशींतही तसेच घडेल हे आपोआप सिद्ध करत नाही. फेक्सिनिडाझोलच्या बाबतीत नेमका हाच फरक दाखवता आला म्हणून ते पुढे जाऊ शकले.

फेक्सिनिडाझोल तयार असताना नव्या संयुगांची गरज का पडावी, हा प्रश्न रास्त आहे. ते काळ्या आजारावरही वापरून पाहिले गेले. उंदरांतील निकाल आशादायक होते, परंतु सुदानमधील रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सुरुवातीची सुधारणा टिकली नाही, आजार परत आला आणि चाचणी थांबवावी लागली. एका परजीवीवर चाललेले औषध त्याच्या जवळच्या नातलगावरही चालेल, हा भरवसा तिथे संपला. निद्रारोगाचा परजीवी रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात मोकळा फिरतो, तर लिशमॅनिया पेशीच्या आत लपतो. पण इतकेच स्पष्टीकरण पुरेसे नव्हते. उरलेला भाग पुढे उलगडला आणि त्याचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मिल्टेफोसिनच्या रेणूत सुधारणा करण्याचा होता. गर्भावरील परिणाम आणि शरीरात फार काळ राहण्याचा गुण हे दोन्ही त्या रेणूच्या मूळ स्वभावाशी निगडित असल्याने वरवरच्या बदलाने ते जातील असे कोणाला वाटत नव्हते. दुसरा पर्याय लाखो संयुगे परजीवीवर थेट तपासून कोरी सुरुवात करण्याचा. पुढच्या काळात त्या वाटेने खरोखर चांगले उमेदवार, म्हणजे औषध म्हणून पुढे नेण्याजोगी संयुगे, मिळाले, परंतु ती वाट लांबची आणि महागडी आहे. तिसरा पर्याय विद्यापीठ गटाच्या कपाटात तयार असलेली क्षयरोगाची नायट्रो-संयुगे लिशमॅनियावर तपासण्याचा.

तिसरा पर्याय निवडला गेला आणि तो आळसातून निवडला गेला असे म्हणता येत नाही. त्या संयुगांत नायट्रोइमिडाझोलचे कडे दुसऱ्या ऑक्सिजनयुक्त कड्याशी जोडलेले होते. क्षयरोगावरील प्रिटोमॅनिड आणि डेलामॅनिड ही त्याच रचनेची अपत्ये. पहिल्यात दुसरे कडे सहा अणूंचे आहे, तर दुसऱ्यात पाच अणूंचे. अशा दुहेरी कड्याच्या संयुगांपैकी अनेक एम्स चाचणीत उत्परिवर्तनकारी ठरत नाहीत, कारण त्यांचे क्षपण साध्या नायट्रोइमिडाझोलपेक्षा कठीण असते. शिवाय ती तोंडाने दिल्यावर शोषली जातात, हेही माहीत होते. वर्गावरचा सर्वांत जुना आक्षेप अशा रीतीने सुरुवातीलाच बराच सैल झाला होता. तो सैल झाल्यामुळे त्याच वर्गावरचा दुसरा एक जुना आक्षेप नजरेआड झाला का, हा प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे.

संयुग घडवताना

पहिल्या तपासणीत क्षयरोगाच्या संयुगांपैकी काही लिशमॅनियावर चांगली चालली, आणि कोणती चालली हे क्षयरोगाच्या अनुभवावरून सांगता आले नसते. यातला सर्वांत बोलका नमुना प्रतिबिंबरूपांचा आहे. असे काही रेणू दोन रूपांत असतात, एकमेकांची आरशातील प्रतिमा असल्यासारखे. प्रिटोमॅनिड हे त्यापैकी एस रूप. लिशमॅनियावर मात्र त्याचे आर रूप अधिक प्रभावी ठरले आणि तेच रूप क्षयरोगाच्या जीवाणूवर बरेच दुबळे होते. दोन्ही सूक्ष्मजीवांत औषध जागे करणारे विकर एकच असते, तर असे उलटे निकाल आले नसते. 2016 मध्ये लिशमॅनियातील एनटीआर2 हे विकर ओळखले गेले. दुहेरी कड्याची नायट्रो-संयुगे तेच जागे करते, तर फेक्सिनिडाझोलसारख्या एका कड्याच्या संयुगांना एनटीआर1 हे वेगळे विकर लागते. क्षयरोगाच्या जीवाणूत हे काम करणारे विकर याहूनही निराळे.

हे ज्ञान येण्यापूर्वीच गटाने आपला उमेदवार निवडला होता. निवड परजीवीवरील परिणाम पाहून झाली, यंत्रणा पाहून नव्हे. ती तशी होण्यात गैर काही नाही. अँटिमनी आणि मिल्टेफोसिनही यंत्रणा नीट कळण्यापूर्वीच वापरात आली होती.

निवडलेला पहिला उमेदवार पाच अणूंच्या कड्याचा आणि आर रूपातला होता. त्याची परीक्षा तीन पायऱ्यांत झाली. प्रथम त्याला महाभक्षी पेशींच्या आत राहणाऱ्या परजीवी अवस्थेवर तपासण्यात आले. वाळूमाशीच्या पोटातील शेपटीवाली अवस्था वाढवायला सोपी असते, पण तिच्यावर मिळालेले निकाल पुष्कळदा फसवे असतात. नंतर उंदीर. शेवटी हॅमस्टर, कारण उंदीर हा संसर्ग बऱ्याच अंशी स्वतःच आटोक्यात आणतो, तर हॅमस्टरमध्ये प्लीहा सुजते, आजार वाढत जातो आणि उपचार न केल्यास प्राणी मरतो. मानवी आजाराच्या जवळ जाणारे हेच प्रारूप. तोंडी दिल्यावर उमेदवार उंदीर आणि हॅमस्टर दोन्हींत परिणामकारक ठरला, आणि हॅमस्टरमध्ये यशस्वी होणे ही त्या काळात मोठी गोष्ट मानली जात होती.

त्याच टप्प्यावर एक उणीव नोंदवली गेली होती: संयुग पाण्यात फार कमी विरघळत होते. विद्राव्यता कमी असली की मात्रा वाढवूनही रक्तातील प्रमाण त्याच पटीत वाढेलच असे नाही. उपचाराच्या मात्रेवर याचा फारसा त्रास जाणवत नाही, परंतु विषाक्ततेच्या चाचणीत मात्रा मुद्दाम खूप वाढवावी लागते आणि तिथे खरी अडचण सुरू होते. शरीरात नेमके किती औषध पोहोचले याचा अंदाज डगमगला की सुरक्षिततेचे अंतर किती आहे याचे उत्तरही डगमगते. उणीव पुढे औषधाच्या स्वरूपात, म्हणजे सूक्ष्म चूर्ण किंवा निलंबन वापरून, सांभाळता येईल असे मानून संयुग पुढे नेण्यात आले.

थांबण्याचा निर्णय

पुनरावृत्त मात्रेच्या चाचण्यांत नर प्राण्यांच्या वृषणांवर विषारी परिणाम दिसला. मानवी चाचण्यांच्या उंबरठ्यावर असलेला उमेदवार इथे थांबला.

या टप्प्यावर चार वाटा उघड्या होत्या. मात्रा कमी करून आणि उपचाराचे दिवस घटवून सुरक्षिततेचे अंतर वाढवायचे. दुसरे औषध जोडीला देऊन नायट्रो-संयुगाची मात्रा घटवायची. त्याच वर्गातील राखीव संयुग पुढे आणायचे. किंवा हा वर्गच सोडून वेगळ्या रसायनाकडे जायचे.

पहिली वाट कागदावर सोपी दिसते. काळ्या आजाराचे अनेक रुग्ण मुले आणि तरुण पुरुष असतात. प्रजननक्षमतेला संभाव्य धोका असलेले औषध त्यांना द्यायचे, तर तो धोका मोजता आला पाहिजे आणि वेळीच ओळखता आला पाहिजे. वृषणावरील इजा रक्ताच्या साध्या तपासणीत सहज दिसत नाही. इनहिबिन बी सारखी संप्रेरके काही प्रमाणात इशारा देतात, परंतु इजा सुरू होताच ती वाजतील याची खात्री देता येत नाही. शुक्राणू तयार होण्याचे एक चक्र माणसात साधारण अडीच महिन्यांचे असते. त्यामुळे परिणाम उपचार संपल्यानंतर उघड होऊ शकतो. निरोगी स्वयंसेवकावर पहिली चाचणी करताना हे सगळे समजावून सांगून संमती घ्यायची, हा नैतिक प्रश्नही होताच. मिल्टेफोसिनने स्त्रियांच्या बाबतीत जो पेच उभा केला होता, तसाच पेच पुरुषांच्या बाबतीत उभा करणारे औषध सुधारणा ठरली नसती. दुसऱ्या वाटेत जोडीचे औषध कोणते, हे आधी ठरायला हवे होते आणि ते ठरलेले नव्हते.

गटाने तिसरी वाट धरली. संस्थेने त्याच वेळी चौथ्या वाटेवरही पैसे लावले. पुढे काळ्या आजारासाठी बोरॉनयुक्त ऑक्साबोरोल आणि परजीवीच्या प्रोटीअसोमला (पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेला) अडवणारी संयुगे विकासात आली, आणि दोन्ही वाटांवर चालण्याचा हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो.

राखीव संयुग

राखीव संयुग शोधताना निकष बदलले. पहिल्या फेरीत परजीवी मारण्याची ताकद सर्वांत वर होती. दुसऱ्या फेरीत विद्राव्यता, हृदयाच्या एचईआरजी या पोटॅशियम मार्गिकेवरील परिणाम, उत्परिवर्तनाची चाचणी आणि अन्वेषणात्मक विषाक्तता यांना तिच्याइतकेच वजन मिळाले. हृदयाच्या मार्गिकेची काळजी निराधार नव्हती. डेलामॅनिडमुळे हृदयाच्या विद्युत आलेखातील क्यूटी अंतर लांबते, हे क्षयरोगाच्या रुग्णांत दिसून आले होते.

रासायनिक बदलांत तर्क स्पष्ट दिसतो. पाच अणूंच्या कड्यावरून सहा अणूंच्या कड्यावर जाण्यात आले. शेपटीसारखी जोडलेली साखळी कड्यावर कुठे बसवायची ती जागा बदलून पाहण्यात आली, कारण क्षयरोगाच्या जुन्या संयुगांत अशी जागा बदललेले नमुने तयारच होते. त्या साखळीतील बेंझीनच्या कड्याच्या जागी पिरिडीन आणण्यात आले. पिरिडीनमध्ये नायट्रोजनचा एक अणू असतो, त्याची पाण्याशी जवळीक अधिक असते आणि स्निग्धप्रियता घटते. अशा बदलांची किंमतही असते. परजीवीपर्यंत पोहोचायचे पडदे स्निग्ध असल्यामुळे रेणू जास्त जलप्रिय झाला तर तो आत शिरायला कचरतो. प्रत्येक बदलानंतर संयुगाला पेशीतील परजीवी, यकृतातील चयापचय आणि विद्राव्यता अशा तिन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागत होत्या, आणि एकीत सुधारलेले अनुजात, म्हणजे मूळ रेणू बदलून केलेले संयुग, दुसरीत घसरणे हा नेहमीचा अनुभव होता. औषधी रसायनशास्त्रात याला उपाय नाही. ताळमेळ जिथे बऱ्यापैकी बसतो, तिथे थांबायचे.

फलित

नव्या फेरीतून उंदीर आणि हॅमस्टरमध्ये परिणामकारक, पहिल्या उमेदवारापेक्षा जास्त विरघळणारी आणि सुरक्षिततेच्या प्राथमिक चाचण्यांत टिकणारी संयुगे मिळाली. त्यातले एक निरोगी स्वयंसेवकांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचले. या मालिकेतून रुग्णांसाठी मान्यताप्राप्त औषध मात्र मिळालेले नाही. यापेक्षा शांतपणे पण दूरवर परिणाम करणारे फलित ज्ञानाचे होते. एनटीआर2 ची ओळख पटल्यामुळे एका कड्याच्या आणि दुहेरी कड्याच्या नायट्रो-संयुगांना एकाच तराजूत तोलणे थांबले. क्षयरोगाचे डेलामॅनिड प्रयोगशाळेत लिशमॅनियावरही चालते, हेही त्याच सुमारास दाखवले गेले.

वेगळे काय करता आले असते

वृषणावरील परिणाम हा या वर्गात अनपेक्षित नव्हता. साध्या नायट्रोइमिडाझोलपैकी काहींनी नर उंदरांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम केल्याचे जुने पुरावे होते, आणि प्रिटोमॅनिडच्या प्राण्यांवरील चाचण्यांतही वृषणाला इजा दिसली होती. उत्परिवर्तनाचा प्रश्न जसा पहिल्याच दिवशी टेबलावर आला, तसाच हाही यायला हवा होता. त्यासाठी संपूर्ण नियामक दर्जाची चाचणी लागत नाही. नर उंदरांना दोन ते चार आठवडे औषध देऊन वृषणाच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले तर उघड इजा बहुधा दिसून येते. ही तपासणी उमेदवार घोषित करण्यापूर्वी झाली असती, तर हॅमस्टरमधील यशाच्या जोडीला त्याची किंमतही त्याच तक्त्यात दिसली असती.

इथे एक उलट बाजू मान्य करायला हवी. प्रत्येक संयुगावर इतकी लांब चाचणी लावली तर मोजका निधी असलेला गट वर्षभरात मोजकीच संयुगे पाहू शकेल. म्हणून ही चाचणी सर्वांवर न लावता वर्गातील दोन-तीन भिन्न रचनांवर लावणे योग्य ठरले असते. पाच आणि सहा अणूंच्या कड्यांचा एकेक प्रतिनिधी घेतला असता, तरी इजा नायट्रो गटाशी बांधलेली आहे की रेणूच्या इतर भागाशी, याचा काहीसा कल कळला असता, आणि राखीव संयुग निवडण्याचा प्रश्न तिथेच अर्धा सुटला असता. राखीव संयुगाचा उपयोग पहिल्याचा दोष त्यात नसेल तरच होतो. केवळ ताकद थोडी कमी असलेले त्याच रचनेचे भावंड बाजूला ठेवून संघ स्वतःला सुरक्षित समजू लागतो, हे औषधविकासात वारंवार घडते.

दुसरा मुद्दा विद्राव्यतेचा. कमी विरघळणारे संयुग पुढे नेताना ते औषधस्वरूपाच्या टप्प्यात सांभाळू असे म्हटले जाते, तेव्हा त्याची खरी परीक्षा विषाक्ततेच्या चाचणीत होणार आहे हे लेखी नमूद केले पाहिजे. उपचाराच्या मात्रेच्या कित्येक पट प्रमाण रक्तात गाठता येईल का, या प्रश्नाचे उत्तर उमेदवार निवडण्याच्या बैठकीत मागितले गेले, तर बरेच उमेदवार तिथेच गळतील आणि ते गळलेलेच बरे.

तिसरा मुद्दा प्रतिकाराचा. प्रयोगशाळेत एनटीआर2 गमावलेले परजीवी दुहेरी कड्याच्या संयुगांना दाद देत नाहीत. हे विकर गमावूनही परजीवी जगू शकत असल्यामुळे, या वर्गातील एकही औषध काळ्या आजारावर एकट्याने देऊ नये अशीच भूमिका सुरुवातीपासून घेणे योग्य झाले असते. शिवाय काळा आजार आणि क्षयरोग एकाच रुग्णात एकत्र आढळतात. अशा रुग्णाला काळ्या आजारासाठी दिलेले नायट्रो-संयुग क्षयरोगाच्या जीवाणूवरही अर्धवट परिणाम करत असेल, तर प्रिटोमॅनिड आणि डेलामॅनिड निकामी होण्याचा धोका वाढतो. क्षयरोगावर दुबळे आणि लिशमॅनियावर समर्थ अशा रूपाला इथे वेगळेच महत्त्व येते. आर रूपाचा हा गुण निवडीच्या वेळी अनुषंगिक मानला गेला होता. तो निवडीचा स्वतंत्र निकष करून जोडीचे औषध त्याच बैठकीत ठरवले असते, तर वृषणाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मात्रा घटवून जोडीने देण्याची दुसरी वाट विचारात घेण्याइतकी तयार असती.